अस्तर काढलेला कोट

४ सप्टेंबर २०२५, गुरुवार, गणपतीचे शेवटचे दिवस. मी ऑफिसातून निघून दुबई मेट्रोच्या जिन्यावर होते आणि माझ्या वडिलांचा, अण्णांचा फोन आला. मला वाटलं आरतीसाठी व्हिडिओ कॉल असेल, दहा दिवस रोज हाच वेळ असतो आमचा, तर अण्णा म्हणाले, "अगं, आपला अरमानी गेला."

आपला. अण्णा ७६ वर्षांचे आहेत, रविवार पेठेतल्या दहा बाय बाराच्या दुकानात चाळीस वर्षं त्यांनी कोट, सफारी, शेरवान्या शिवल्या, इटलीला कधी गेले नाहीत, त्यांना अरमानीचा एखादा रुमालसुद्धा परवडला नसता, आणि तरी घरातलं कुणी गेल्यासारखा आवाज होता त्यांचा. मागे झांजा ऐकू येत होत्या, आई "या ना हो आरतीला" म्हणून हाका मारत होती आणि अण्णा मला सांगत होते की टीव्हीवर खाली पट्टी चाललीये, ९१ वर्षांचा होता, शेवटपर्यंत काम करत होता म्हणे.

तेव्हापासून हे लिहायचं मनात आहे. लोकांना अरमानी हा इटालियन फॅशन डिझायनर म्हणजे महागडा सूट, परफ्यूम आणि दुबईतलं हॉटेल एवढंच माहीत असतं, पण आमच्या घरात ते नाव एका उसवलेल्या कोटातून आलं, म्हणून तिथूनच सुरू करते.

१९९९ असेल, मी कॉलेजला होते आणि संध्याकाळी दुकानात बसायचे, मापाची वही बघायचे, काज-बटण करून आलेला माल मोजून घ्यायचे. एक डॉक्टर होते आमचे जुने गिऱ्हाईक, त्यांचा मुलगा परदेशातून आलेला आणि त्याचं जॅकेट बारीक करायचं होतं, बाह्या अर्धा इंच कमी आणि पाठीत थोडं दाबायचं. राखाडी रंग, पण नुसता राखाडी पण नाही, त्यात मातकट झाक होती, पावसाळ्यात वाळू ओली झाल्यावर दिसते तशी. अण्णांनी ते आधी हातात घेऊन नुसतं तोललं. मग हँगरला लावलं. मग परत काढलं. असं ते कधी करत नाहीत, कामाला लागतात थेट. मग ब्लेडनं पाठीची शिवण हळूहळू उसवायला घेतली आणि आतलं बघण्यासाठी जॅकेट उलटं करून ट्यूबलाइटसमोर धरलं.

"यात काहीच नाहीये गं."

ज्यांनी कोट शिवताना पाहिलाय त्यांना कळेल ते काय म्हणत होते. कोटाच्या आत एक दुसराच कोट असतो, छातीला कॅनव्हास, पुढच्या भागाला बकरम नाहीतर फ्युजिंग, खांद्यात पॅड, कॉलरखाली वेगळा जाड तुकडा, आणि हे सगळं झाकायला पूर्ण अस्तर. कापड नुसतं वर असतं, आकार आतलं सामान देतं. म्हणून तर आपल्याकडे लग्नाच्या कोटात नवरा मुलगा कपाटात उभा केल्यासारखा दिसतो. या जॅकेटच्या पाठीला अस्तर नव्हतं, फक्त वर खांद्यापाशी ओंजळभर होतं, आतल्या शिवणींच्या कडा मात्र इतक्या स्वच्छ बांधलेल्या की उलटं घातलं तरी चाललं असतं. खांद्यात पॅड म्हणून जे होतं ते पापडाइतकं पातळ. आणि तरीही हँगरवर ते जॅकेट नीट पडत होतं, कुठे चुणी नाही, कुठे ओढ नाही. अण्णांनी आमच्या कारागिरांना मशीन थांबवून बोलावलं आणि दाखवलं. अस्तर असलं की आतली घाण झाकली जाते, याला झाकायला काही नाही म्हणजे यानं सगळं आधी कटिंगमध्ये केलंय, असं ते म्हणाले. ते काम त्यांनी दोन दिवस मुद्दाम लांबवलं, कागदावर त्या खांद्याचा आणि मुंढ्याचा आकार उतरवून घेतला, आणि तो तपकिरी कागद अजून आमच्या माळ्यावर आहे.

आतल्या लेबलवरचं नाव मी त्यांना वाचून दाखवलं होतं. जॉर्जिओ अरमानी.

नंतर मी या माणसाबद्दल मिळेल ते वाचत गेले, आधी अण्णांसाठी आणि मग माझ्यासाठी. ११ जुलै १९३४ चा जन्म, उत्तर इटलीतलं पियाचेन्झा नावाचं गाव. वडील उगो वाहतूक कंपनीत हिशेबाचं काम करायचे, आई मारिया घरच्या मुलांचे कपडे स्वतः शिवायची आणि पैसा नसतानाही पोरं नीटनेटकी दिसायची हे ते पुढे आयुष्यभर सांगत राहिले. लहानपण सगळं दुसऱ्या महायुद्धातलं. युद्धातली दारू पोरांच्या खेळण्यात आली, तिचा भडका उडाला आणि हे भाजले, चाळीसेक दिवस दवाखान्यात होते. मोठे झाल्यावर डॉक्टर व्हायचं म्हणून मिलान विद्यापीठात मेडिसिनला गेले, पूर्ण केलं नाही, मध्येच सैन्यातली सक्तीची नोकरी आली, आणि १९५७ मध्ये मिलानच्या ला रिनाशेंते या मोठ्या डिपार्टमेंट स्टोअरमध्ये काचेतली मांडणी करायच्या कामाला लागले.

हे मला फार महत्त्वाचं वाटतं की हा माणूस फॅशनच्या शाळेत गेलेलाच नाही. तेविसाव्या वर्षी दुकानाची काच सजवत होता, मग पुरुषांच्या कपड्यांच्या विभागात आला, म्हणजे रोज खरी माणसं समोर उभी राहून काय मागतायत, काय घालून आरशासमोर कसकशी वळून बघतायत, काय घेता घेता ठेवून देतायत हे वर्षानुवर्षं बघितलं. अण्णांचं म्हणणं असतं की गिऱ्हाईक आरशात स्वतःकडे बघतं तेव्हा टेलरनं गिऱ्हाइकाकडे बघायचं, कोट कुठे टोचतोय ते त्याच्या चेहऱ्यावर आधी येतं.

१९६४ ला निनो चेरुती यांनी त्यांना हिटमॅन या पुरुषांच्या ब्रँडसाठी डिझायनर म्हणून घेतलं. चेरुतींची स्वतःची कापड गिरणी होती, त्यामुळे अरमानींना कापड सुतापासून कळलं, कुठलं कापड कसं पडतं, किती वजनाचं किती झुकतं. जॅकेटमधलं सामान काढायचं वेड तिथूनच सुरू झालं असं मला वाटतं, कारण आतलं कॅनव्हास काढलं तर सगळा भार कापडावर येतो आणि कापड न ओळखणाऱ्यानं हा प्रयोग केला तर पोतं होतं.

मग सर्जिओ गालेओत्ती. १९६६ मध्ये टस्कनीच्या किनाऱ्यावर फोर्ते दे मार्मी इथल्या ला कापानिना नावाच्या क्लबमध्ये दोघं भेटले. गालेओत्ती वास्तुविशारदांच्या ऑफिसात नकाशे काढायचे, वयानं बरेच लहान, आणि तेच मागे लागले की दुसऱ्यांसाठी किती दिवस करणार, स्वतःचं काढ. जोडीदार झाले, धंद्यात आणि आयुष्यातही. १९७५ च्या जुलैमध्ये मिलानमध्ये कंपनी सुरू झाली तेव्हा अरमानी ४१ वर्षांचे होते. भांडवलासाठी फोक्सवॅगन विकली. एकेचाळीस! आपल्याकडे त्या वयात माणूस गृहकर्जाचे हप्ते मोजत असतो आणि नवीन काही करायचं म्हटलं तर घरचेच म्हणतात आता कुठे.

मोकळ्या खांद्याचा, कमी अस्तराचा कोट नेपल्सच्या टेलरांनी त्यांच्या कितीतरी आधी शिवला होता, उन्हाळ्याचं गाव ते, त्यांना गरजच होती. पण तो एकेका गिऱ्हाइकासाठी, मापानं, हातानं. अरमानींनी तो खांदा आणखी उतरवला, कॉलरची लॅपल आणि बटणं खाली आणली, लिनन नि क्रेपसारखी बायकांच्या कपड्यांतली मऊ कापडं पुरुषांच्या जॅकेटला वापरली, आणि तो राखाडी-मातकट रंग आणला. आणि मग १९७८ मध्ये तुरिनच्या जीएफटी या मोठ्या कारखान्याशी करार केला, म्हणजे जे हातानं अवघड होतं ते मशीनवर हजारोंच्या संख्येनं निघायला लागलं. लोक डिझाइनचं कौतुक करतात, मला या कराराचं जास्त वाटतं. अस्तर नसलेलं जॅकेट फॅक्टरीत शिवून घेणं म्हणजे काय चीज आहे ते आमच्या दुकानातल्या कारागिरांना विचारा.

बायकांसाठीही तेच केलं. पुरुषांचं जॅकेट तसंच बायकांना दिलं, पण मऊ करून. १९७८ च्या ऑस्करला अभिनेत्री डायन कीटन अरमानीचं जॅकेट घालून गेली. १९८० मध्ये 'अमेरिकन जिगोलो' हा सिनेमा आला आणि रिचर्ड गेअरच्या अंगावरचे ते कपडे अख्ख्या अमेरिकेला हवे झाले. एप्रिल १९८२ ला टाइम मासिकाच्या कव्हरवर अरमानी होते.

एप्रिल १९८२ म्हटलं की मला माझे आजोबा आठवतात, आईचे वडील. ते लोअर परळला गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. जानेवारीत डॉ. दत्ता सामंतांचा संप सुरू झाला होता आणि एप्रिलपर्यंत आजोबा ट्रंक घेऊन साताऱ्याकडे गावी आले होते, ते परत कामावर गेलेच नाहीत. याचा अरमानींशी काय संबंध, तर संबंध नंतर आला. लोअर परळला श्रीनिवास मिलच्या जागेवर लोढांचे वर्ल्ड टॉवर्स उभे राहिले आणि त्यातल्या वर्ल्ड वन या टॉवरच्या आतली सजावट अरमानी कासाची, म्हणजे त्यांच्या फर्निचर आणि इंटीरियरच्या कंपनीची. आजोबांची गिरणी ती नव्हे, पण भोंगा ऐकू येईल इतक्या अंतरावरची. आई एकदा त्या रस्त्यानं जाताना टॅक्सीतून मान वर करून बघत राहिली होती, काही बोलली नाही.

१९८१ ला एम्पोरिओ अरमानी, तरुणांसाठी, थोडं कमी किमतीचं. मग चष्मे लुक्झोटिकाबरोबर, परफ्यूम लॉरियालबरोबर, १९९६ चं ते पुरुषांचं आक्वा दि जिओ तर दुबईच्या प्रत्येक लिफ्टमध्ये भेटतं. यात मी फार शिरत नाही कारण ही धंद्याची वाट आता सगळेच धरतात. पण मध्ये १९८५ आहे. त्या वर्षी ऑगस्टमध्ये गालेओत्ती गेले, अवघे ४० वर्षांचे. सगळे हिशेब, करार, बँका, माणसं गालेओत्ती बघायचे आणि अरमानी फक्त कपडे. बाजारात सगळ्यांना वाटलं आता कंपनी कुणाला तरी विकली जाणार. त्यांनी विकली नाही, हिशेबाच्या वह्या स्वतः उघडल्या आणि एकावन्नाव्या वर्षी धंदा शिकले. त्यानंतर मरेपर्यंत कंपनी त्यांच्याच ताब्यात राहिली, शेअर बाजारात नेली नाही, मोठ्या ग्रुपला दिली नाही. गुची, फेंडी, बुल्गारी, एकेक करत कितीतरी इटालियन घराणी फ्रेंच ग्रुपांकडे गेली, हे स्वतंत्र राहिले, आणि २०२४ ला सुद्धा ग्रुपची विक्री २.३ अब्ज युरोची होती.

आता हॉटेलकडे येते, कारण ते मी रोज बघते.

कपड्यांचा माणूस हॉटेलात कसा गेला, तर मधला पूल म्हणजे फर्निचर. १९८२ मध्येच त्यांनी स्वतःच्या ऑफिससाठी एक दिवा डिझाइन केला होता, आणि २००० मध्ये अरमानी कासा सुरू केली, सोफे, दिवे, कापडं, भांडी. २००४ मध्ये दुबईच्या एमार या बिल्डर कंपनीबरोबर घोषणा झाली, सात हॉटेलं आणि तीन रिसॉर्ट. प्रत्यक्षात दोनच झाली. पहिलं २७ एप्रिल २०१० ला बुर्ज खलिफात, १६० खोल्यांचं, खालचे मजले आणि वर ३८-३९ वा. दुसरं नोव्हेंबर २०११ ला मिलानला, व्हिया मान्झोनी ३१, १९३७ सालच्या इमारतीत, ९५ खोल्या, आणि ती इमारत आकाशातून बघितली तर इंग्रजी ए अक्षरासारखी दिसते. दहांपैकी दोन म्हणजे फसलं असं कुणी म्हणेल, मला तसं वाटत नाही. ज्या माणसाला खोलीतल्या नळापासून कर्मचाऱ्यांच्या कॉलरपर्यंत सगळं स्वतः बघायचंय त्याच्याकडून दोनच होणार, आणि ती दोन अजून चालू आहेत, त्यांचं नाव खराब झालेलं नाही.

२०१७ च्या डिसेंबरात अण्णा-आई दुबईला आले होते. सगळ्यांना बुर्ज खलिफा बघायचा असतो, १२४ व्या मजल्यावर जायचं असतं. अण्णा म्हणाले वर काय बघायचंय, ढग आमच्या ताम्हिणीत पण आहेत, मला त्याचं हॉटेल दाखव. मी घाबरत घाबरत लाउंजमध्ये चहाची बुकिंग केली. अण्णांनी स्वतः शिवलेला काळसर कोट घातला होता.

आत गेल्यावर पहिली गोष्ट जाणवली ती म्हणजे शांतता, आणि चकचकाट नाही. दुबईत हॉटेल म्हणजे सोनं, झुंबरं, संगमरवर, फुलांचे ढीग. इथे सगळं मातकट, तपकिरी, राखाडी. लॉबीत उंच कमानींसारखी रचना आहे, भिंती वळत जातात, उजेड कुठून येतो ते पटकन कळत नाही. हॉटेलात राहायला येणाऱ्यांना काउंटरपाशी रांगेत उभं न करता लाइफस्टाइल मॅनेजर नावाचा माणूस भेटतो आणि मुक्काम संपेपर्यंत तोच सगळं बघतो. अण्णा बसले नाहीत. आधी सोफ्याच्या मागे गेले. मग वाकून त्याची खालची शिवण बघितली, जिथे कुणाचं लक्ष जात नाही तिथली. उशीची कड बोटांनी चाचपली, पाइपिंग म्हणजे कडेची गोट नव्हती, कापडाच्या आतच दुमडून घेतलेलं होतं. पडद्याची खालची दुमड उचलून बघितली, वेटर आला तेव्हा मला संकोच वाटला पण तो मुलगा केरळचा होता, अण्णांचा कोट बघून म्हणाला साहेब टेलर आहेत का, आणि स्वतःच त्यांना पलीकडच्या भिंतीपाशी घेऊन गेला, तिथे लाकडाला झेब्र्यासारखे पट्टे होते आणि एका फळीचा पट्टा दुसऱ्या फळीच्या पट्ट्याला बरोबर जुळवलेला होता.

"चेक्सचा कोट शिवताना खिसा जुळवतो ना आपण, तसं केलंय," अण्णा मला म्हणाले. नंतर बराच वेळ चहा निवेपर्यंत ते लॉबीकडे बघत होते आणि एकदाच म्हणाले, "अस्तर काढलंय यानं. हॉटेलचं पण."

यापेक्षा नेमकं त्या हॉटेलबद्दल मी कुठल्या मासिकात वाचलेलं नाही.

पण एक गोष्ट लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही, कारण आम्ही टेलरच्या घरातले आहोत. एप्रिल २०२४ मध्ये मिलानच्या कोर्टानं जॉर्जिओ अरमानी ऑपरेशन्स या ग्रुपमधल्या कंपनीवर न्यायालयाचा प्रशासक नेमला. ठेकेदारानं पुढे उपठेका दिला होता, मिलानजवळच्या वर्कशॉपमध्ये कामगार तासाला दोन-तीन युरोवर राबत होते, तिथेच झोपत होते, आणि कोर्टाच्या कागदांत एका बॅगेचा हिशेब आला होता, वर्कशॉपला ९३ युरो, ठेकेदारानं अरमानीला विकली २५० ला, दुकानात किंमत १८०० च्या आसपास. कंपनीचं म्हणणं होतं की आमची देखरेख कायम होती. फेब्रुवारी २०२५ ला, मुदतीच्या आधी, प्रशासक काढला कारण कंपनीनं सुधारणा केल्या, पण ऑगस्ट २०२५ मध्ये इटलीच्या स्पर्धा आयोगानं सामाजिक जबाबदारीचे दावे दिशाभूल करणारे होते म्हणून ३५ लाख युरोचा दंड लावला. मृत्यूच्या महिनाभर आधी.

मी हे अण्णांना फोनवर वाचून दाखवलं होतं तेव्हा ते खूप वेळ गप्प होते. आमच्याकडे कारागीर नगामागे पैसे घ्यायचे, आणि दिवाळीच्या सीझनमध्ये रात्री दोन-दोन वाजेपर्यंत बसायचे, त्यांना त्या वेळी किती दिले आणि किती द्यायला हवे होते हा हिशेब अण्णांच्या डोक्यात अजून चालू असतो हे मला माहितीये. ते म्हणाले, "शिवण बघायला गेला, शिवणारा बघायचा राहिला." राग नव्हता आवाजात, वाईट वाटलं होतं. मला राग आला होता आणि अजून आहे. पडद्याची दुमड तपासणाऱ्या माणसाच्या कंपनीला बॅग कुठे शिवली जाते ते दिसू नये हे मला पटत नाही, आणि म्हणून त्यांचं काम मला कमी आवडतं असंही होत नाही. दोन्ही आहे.

दुसऱ्या पारड्यात २०२० ठेवावं लागतं. २३ फेब्रुवारीला मिलान फॅशन वीक चालू असताना इटलीत कोविड पसरत असल्याच्या बातम्या येत होत्या, तेव्हा बाकीचे गर्दी जमवत होते आणि अरमानींनी रिकाम्या थिएटरमध्ये शो केला, एकही पाहुणा नाही, नुसतं ऑनलाइन. पुढच्या महिन्यात इटलीतले त्यांचे सगळे कारखाने डॉक्टर-नर्सेससाठी एकदाच वापरायचे गाऊन शिवायला लावले. डॉक्टरकी अर्धी सोडलेला माणूस ८५ व्या वर्षी दवाखान्यांसाठी शिवत होता, हे वाचून मी रडले होते, कारण त्याच दिवसांत अण्णा घरी बसून जुन्या अस्तरांचे मास्क शिवत होते, आणि पेठेत वाटत होते.

ते थिएटर पण त्यांचंच. मिलानच्या व्हिया बेर्गोन्योने रस्त्यावर जुना नेस्लेचा कारखाना होता, तो तादाओ आंदो या जपानी वास्तुविशारदाकडून बदलून घेतला, २००१ मध्ये. समोरच धान्याचं जुनं गोदाम होतं, तिथे २०१५ मध्ये चाळीस वर्षांच्या कपड्यांचं म्युझियम केलं, अरमानी सिलोस. सिलो म्हणजे धान्याचं कोठार, आणि कारण सांगितलं होतं की अन्नासारखेच कपडेही जगायला लागतात. २००८ मध्ये मिलानचा बास्केटबॉल क्लब विकत घेतला, ऑलिंपिया, आणि मॅचला पहिल्या रांगेत बसायचे. शहरातला पैसा शहरात. आपल्याकडे जुन्या व्यापाऱ्यांनी वाचनालयं, धर्मशाळा बांधल्या तसंच हे वाटतं मला.

जून २०२५ मध्ये तब्येतीमुळे स्वतःच्या शोला पहिल्यांदाच ते आले नाहीत. ऑगस्टच्या शेवटी दोन गोष्टी झाल्या. एका मुलाखतीत त्यांनी सांगितलं की कामातच फार तास घालवले, माणसांना वेळ दिला नाही याची खंत आहे. आणि त्याच दिवसांत बातमी आली की त्यांनी फोर्ते दे मार्मीतला तो ला कापानिना क्लब विकत घेतला, जिथे १९६६ मध्ये गालेओत्ती भेटले होते. ९१ व्या वर्षी, मरणाच्या काही दिवस आधी. धंद्याच्या हिशेबात हे कुठे बसतं मला माहीत नाही, बसवायचंही नाही.

शनिवारी, ६ तारखेला, त्यांच्या त्याच थिएटरमध्ये शवपेटी लोकांच्या दर्शनाला ठेवली होती आणि रस्त्यावर हजारो लोक रांगेत उभे होते. आपल्याकडे अनंत चतुर्दशी होती. मी मोबाइलवर एका खिडकीत लक्ष्मी रोडची मिरवणूक लावली होती आणि दुसरीकडे ती रांग बघत होते, म्हाताऱ्या बायका, सुटातले तरुण, दुकानातले सेल्समन. तिथे ढोल नव्हते, कुणी बोलतही नव्हतं.

मग मृत्युपत्र उघडलं. मुलं नव्हती. कंपनी त्यांनी २०१६ मध्येच स्थापन केलेल्या फाउंडेशनकडे गेली आणि सगळ्यात जास्त मताधिकार लिओ देल्ओर्को यांना, कित्येक वर्षांचे साथीदार आणि पुरुषांच्या कपड्यांचे प्रमुख. आणि एक गोष्ट कुणालाच अपेक्षित नव्हती, दीड वर्षात १५ टक्के हिस्सा विका असं लिहून ठेवलं, प्राधान्य एलव्हीएमएच हा महागड्या ब्रँडांचा फ्रेंच ग्रुप, लॉरियाल किंवा एसिलोर लुक्झोटिका नाहीतर त्यांच्या तोडीच्या कुणाला. पन्नास वर्षं कुणाला आत घेतलं नाही आणि जाताना दार कुणासाठी किती उघडायचं ते स्वतः मापून गेले. पेपरात सगळी चर्चा टक्क्यांची होती. मी ते सगळं अण्णांना समजावून सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं,

"ते ठीक आहे. पण आता कटिंग कोण करणार?"

त्याचं उत्तर २८ सप्टेंबरला मिळालं. मिलानमध्ये ब्रेराच्या जुन्या चित्रसंग्रहालयाच्या चौकात त्यांनी स्वतः तयार केलेलं शेवटचं कलेक्शन दाखवलं, कंपनीला पन्नास वर्षं झाली म्हणून तो सोहळा आधीच ठरलेला होता. लुदोविको एइनाउदी पियानो वाजवत होते. शेवटी जिथे दर वर्षी गडद निळ्या टीशर्टात अरमानी यायचे तिथे त्यांची पुतणी सिल्वाना आणि लिओ देल्ओर्को आले.

मी तो व्हिडिओ अण्णांना पाठवला. दसरा तोंडावर आला होता, आईची घर आवरायची गडबड चालू होती, आणि अण्णांनी तो दुकानातल्या जुन्या स्टुलावर बसून तीनदा बघितला असं आई म्हणाली. आवाज बंद करून. रात्री त्यांचा फोन आला, वाक्य एकच होतं.

"खांदा बघितला मी. तोच आहे."